प्रस्तावना : कातडी, केस आणि नखांवरच्या बुरशीची ओळख

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला बुरशी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी लव दिसली की तो डाऊनी म्हणतो. कोवळ्या मण्यांवर राखाडी-पांढरी भुकटी दिसली की भुरी. एकीचे औषध दुसरीवर चालेलच असे नाही, हे त्याला ठाऊक असते. एकाच गटातले औषध लागोपाठ मारले की रोग त्याला दाद देईनासा होतो, म्हणून फवारणीत गट बदलत राहायचे, हेही त्याला ठाऊक असते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने हे वर्षानुवर्षे सांगितले आहे आणि विंचूर-लासलगाव पट्ट्यात ते ऐकलेही गेले आहे. माती, पाणी आणि पानाचे देठ तपासून घेतल्याशिवाय खताचा डोस ठरवायला इथला जाणता शेतकरी तयार नसतो.

हाच माणूस जांघेत किंवा कमरेला गजकर्ण उठले की मेडिकलमधून एक ट्यूब आणतो. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधे एकत्र असतात : एक बुरशीवरचे, एक-दोन जिवाणूंवरची आणि एक जहाल स्टेरॉइड, बऱ्याचदा क्लोबेटासॉल. स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते. ट्यूब गुणकारी ठरते, शेजाऱ्याला सांगितली जाते, संपली की पुन्हा आणली जाते. आत बुरशी मात्र वाढतच असते, कारण तिला रोखणारा शरीराचा प्रतिकार स्टेरॉइडने दाबलेला असतो. मग चट्टा पसरतो, त्याची गोल कड पुसट होते, पोटापर्यंत जातो, घरातल्या बाईला आणि लेकरांना होतो. या सगळ्या काळात ती नेमकी कोणती बुरशी आहे, आणि मुळात बुरशीच आहे का, हे कोणीही पाहिलेले नसते.

न पाहता औषध लावण्याची ही सवय मोडावी, हे पाहणे तालुक्याच्या प्रयोगशाळेत व्हावे, आणि ते कसे करायचे हे मराठीत लिहिलेले मिळावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

आता विषयाकडे. कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर, केस आणि नखे ही केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाची बनलेली असतात. जनावरांची शिंगे, खूर, लोकर आणि पक्ष्यांची पिसेही त्याचीच. केराटिन सहजासहजी पचत नाही. फार थोड्या जिवांना ते साधले आहे, आणि त्यांत डर्माटोफाइट या गटातल्या बुरशी आहेत. त्या केराटिनवर जगतात, म्हणून धडधाकट माणसात मेलेल्या थराच्या खाली सहसा उतरत नाहीत. रक्तात शिरत नाहीत, जीव घेत नाहीत. आपल्याला दिसणारी लाली, खाज आणि पुळ्या ही त्या बुरशीविरुद्ध शरीराने केलेली खटपट असते. बुरशी एका बिंदूपासून बाहेर सरकत जाते आणि मागचा भाग निवळत जातो, त्यातून ते ओळखीचे कडे तयार होते. जिवंत, वाढती बुरशी कडेला असते. नमुना कुठून घ्यायचा याचे उत्तर इथेच मिळते, आणि तरीही मधोमध खरवडलेले नमुने प्रयोगशाळेत येतच राहतात.

जीव घेत नाही म्हणून या आजाराकडे दुर्लक्ष होते. पण रात्रभर खाजवणारा माणूस दुसऱ्या दिवशी थिनिंगच्या किंवा डिपिंगच्या कामावर नीट उभा राहू शकत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे या बागांमध्ये कामाला येतात. एका शेडमध्ये बरीच माणसे राहतात, टॉवेल-अंथरुणे एकत्र असतात, फवारणीने आणि घामाने भिजलेले कपडे अंगावरच वाळतात. एकाला उठलेले गजकर्ण मुक्काम हलेपर्यंत सगळ्या शेडमध्ये फिरते. लग्न ठरलेल्या मुलीच्या मानेवरचा चट्टा, डोक्यावर केस तुटून पडलेले टक्कल लपवण्यासाठी शाळेत टोपी घालून बसणारा मुलगा, जाड पिवळ्या नखांमुळे चप्पल काढायला संकोचणारी आजी, ही दुःखे लहान नाहीत.

शिवाय दिसायला सारखे ते सगळे बुरशीचे नसते. इसब, सोरायसिस, कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा, केसांतली चाई, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या यांची गजकर्णाशी गल्लत होते. जाड, वेडीवाकडी झालेली नखे तपासली तर साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांनी महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या तर त्या फुकट जातात आणि यकृताला उगीच त्रास होतो. आणि कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्यावर कोणी गजकर्णाची ट्यूब लावत बसला तर नस निकामी होण्याची पाळी येते.

ही बुरशी येते कुठून, यावरून तिचे तीन गट पाडतात. काही मातीत राहतात आणि तिथे पडलेल्या पिसा-केसांवर जगतात, काही जनावरांवर, काही केवळ माणसावर. वासरांच्या तोंडाभोवती जे राखाडी, खरबरीत चट्टे पडतात ते ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसमचे, आणि गोठ्यात काम करणाऱ्याच्या हातावर वा दाढीत तीच बुरशी उठते. मांजराच्या पिल्लाकडून मुलांना मायक्रोस्पोरम कॅनिस मिळते. जनावरांकडून आलेली बुरशी माणसात सहसा खूप सूज आणि पू आणते, पण लवकर आटोपते. माणसाला सरावलेली बुरशी शांतपणे, वर्षानुवर्षे ठाण मांडते. म्हणून प्रयोगशाळेने दिलेले नाव डॉक्टरला उपचारापलीकडचेही सांगते : गोठा तपासायचा, मांजर तपासायचे, की घरातली माणसे.

या शास्त्राचा इतिहास सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतर शाखांपेक्षा जुना आहे, आणि त्याची सुरुवात रेशमाच्या किड्यापासून होते. १८३५ मध्ये इटलीतल्या अगोस्तिनो बासीने दाखवले की रेशीमकिडे ज्या रोगाने पांढरे पडून मरतात तो एका बुरशीचा आहे. त्या बुरशीला पुढे त्याचेच नाव मिळाले : बिव्हेरिया बासियाना. आज विंचूरच्या कृषी सेवा केंद्रात मिलीबगवर मारण्यासाठी जे बिव्हेरिया मिळते, तेच हे. बासीचे काम वाचून योहान शोनलाइनने माणसाच्या डोक्यावरच्या फेव्हस नावाच्या खपल्यांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि १८३९ मध्ये तिथे बुरशी असल्याचे जाहीर केले. त्याचा सहकारी रॉबर्ट रेमाकने ते तंतू १८३७ मध्येच पाहिले होते. पुढे त्याने ती बुरशी स्वतःच्या दंडावर लावून घेतली आणि रोग उमटवून दाखवला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये हंगेरीहून आलेला डेव्हिड ग्रुबी एकट्याने काम करत होता. १८४१ ते १८४४ या चार वर्षांत त्याने फेव्हसची बुरशी स्वतंत्रपणे शोधली, केसाच्या बाहेर कवच करणारी बुरशी आणि केसाच्या आत भरणारी बुरशी वेगळ्या असतात हे सांगितले, आणि मायक्रोस्पोरम हे नाव दिले. १८४५ मध्ये स्वीडनच्या माल्मस्टेनने ट्रायकोफायटॉन हे नाव आणले. रॉबर्ट कॉखने अँथ्रॅक्सचा जिवाणू सिद्ध केला तो १८७६ मध्ये. माणसाचा एखादा रोग सूक्ष्म जिवामुळे होतो हे पहिल्यांदा दिसले ते जिवाणूंत नव्हे, गजकर्णाच्या कुळात. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकली जाते याचे मला नेहमी वाईट वाटते.

ग्रुबीचे काम विस्मरणात गेले होते. ते वर काढले रेमों साबुरोने. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्याच्याकडे डोक्याच्या गजकर्णाची शेकडो मुले येत. त्याने माल्टोज आणि पेप्टोन यांचे ठरावीक प्रमाणाचे वाढमाध्यम वापरायला सुरुवात केली, कारण एकच बुरशी वेगळ्या माध्यमावर वेगळे रूप घेते आणि मग दोन प्रयोगशाळांचे बोलणे जुळत नाही. आज जगातल्या प्रत्येक बुरशी-प्रयोगशाळेत जे साबुरो अगार असते त्याचा उगम हा. १९१० मध्ये आलेला त्याचा 'ले तेन्य' हा ग्रंथ या शास्त्राचा पाया आहे. रोग्यावर दिसणारे चित्र, केसातली बुरशीची ठेवण आणि वाढीचे रूप या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या, ही फ्रेंच परंपरा. त्याच काळात कोलंबोत काम करणाऱ्या आल्दो कास्तेल्लानीने आपल्या उष्ण हवेतली लाल रंग सोडणारी बुरशी वर्णन केली. तीच पुढे ट्रायकोफायटॉन रुब्रम म्हणून जगभर पसरलेली दिसली.

फ्रेंच परंपरेची एक अडचण झाली. रंग बदलला की नवे नाव, सुरकुती पडली की नवे नाव, असे करत जातींची यादी शंभरावर गेली. १९३४ मध्ये अमेरिकेच्या चेस्टर एमन्सने ती छाटली. त्याने सांगितले की वाढीचा रंग फसवा असतो; बीजाणू कसे आहेत ते पाहा. मोठे बीजाणू खरखरीत, टकळीच्या आकाराचे असतील तर मायक्रोस्पोरम. गुळगुळीत आणि लांबट असतील तर ट्रायकोफायटॉन. गदेसारखे असून सोबत लहान बीजाणू अजिबात नसतील तर एपिडर्मोफायटॉन. तीन प्रजाती, मोजक्या जाती. हे इतके सोपे आणि इतके उपयोगी होते की आजही तंत्रज्ञाचा पहिला निर्णय याच तीन घरांत होतो.

एमन्सनंतर प्रश्न उरला तो एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींचा. अटलांटाच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्रातल्या लुसिल जॉर्जने १९५० च्या दशकात तो बुरशीच्या आहारावरून सोडवला. थायमिन दिले की ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स आणि व्हायोलेसियम जोमाने वाढतात. निकोटिनिक आम्लाशिवाय घोड्यावरची इक्विनम वाढत नाही. १९५७ मध्ये तिने आणि लिबेरो आयेल्लोने केसाला भोके पाडण्याची चाचणी मांडली. लहान मुलाचे निर्जंतुक केलेले केस, पाणी आणि थोडे यीस्टचे सत्त्व. त्यावर ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस वाढली की केसात पाचरीसारखे खड्डे पडतात, रुब्रमने पडत नाहीत. महागडे काहीही नाही. मला ही चाचणी फार आवडते, कारण बुरशी आपले काम आपल्यासमोर करून दाखवते.

याच सुमारास आणखी एक धागा पुढे आला. १९२७ मध्ये इटलीच्या नान्नित्सीने मातीतल्या मायक्रोस्पोरम जिप्सियम या बुरशीची लैंगिक अवस्था वर्णन केली होती. तीन दशके कोणी तिच्याकडे लक्ष दिले नाही. १९५९ नंतर ती खरी ठरली आणि जातीजातींचे संकर करून नाती ठरवण्याचे काम सुरू झाले. इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्याभोवती बुरशी अभ्यासणाऱ्यांचा एक जोमदार गट तयार झाला होता. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध त्यांनी पिंपरीच्याच नावाच्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून मिळवले. पिकांवरचे ऑरिओफंगिनही तिथलेच. त्या गटातल्या अरविंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मुंबईच्या समुद्रकाठच्या मातीतून केराटिन खाणाऱ्या बुरशी शोधल्या. पाध्ये पुढे कॅनडात गेले आणि १९७१ मध्ये जे. डब्ल्यू. कारमायकेल यांच्यासोबत त्यांनी आर्थ्रोडर्मा या लैंगिक प्रजातीची मांडणी केली, जी पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानली गेली. नंतर ते सीडीसीत बुरशींच्या संदर्भ प्रयोगशाळेत काम करत होते. माती, थोडे केस आणि पाणी एवढ्या सामग्रीवर हे काम उभे राहिले, हे इथल्या विद्यार्थ्यांना कळायला हवे. त्या पद्धतीला बेल्जियमच्या व्हानब्रोसेगेमचे नाव आहे : ओल्या मातीवर निर्जंतुक केस पसरायचे आणि वाट पाहायची. द्राक्षबागेतली मूठभर माती घेऊन कोणत्याही कॉलेजात हा प्रयोग करता येतो.

यापुढची परंपरा जनुकांची. डीएनएमधला आयटीएस नावाचा तुकडा वाचून जाती ठरवायला लागल्यावर जुन्या यादीतल्या अनेक जाती एकच निघाल्या आणि एकच वाटणाऱ्या काही वेगळ्या निघाल्या. २०१७ मध्ये सीब्रेन द होख आणि सहकाऱ्यांनी नवी मांडणी केली. मायक्रोस्पोरम जिप्सियम आता नान्निझिया जिप्सिया झाली आहे, म्हणजे १९२७ मध्ये दुर्लक्षिलेल्या माणसाचे नाव तिला लागले आहे. या पुस्तकात नवी नावे दिली आहेत आणि पहिल्या उल्लेखाला जुनी नावेही, कारण डॉक्टरांच्या तोंडी अजून जुनीच आहेत.

हा सारा इतिहास आज का वाचायचा, याचे कारण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात घडले आहे. पूर्वी भारतात गजकर्ण म्हटले की बहुतांशी ट्रायकोफायटॉन रुब्रम असे. त्याची जागा मेंटाग्रोफायटिस समूहातल्या एका प्रकाराने घेतली. चट्टे मोठे, अनेक जागी, चेहऱ्यावरसुद्धा, घरातल्या सगळ्यांना, आणि टर्बिनाफिनची गोळी पूर्वीच्या मात्रेत, पूर्वीइतके दिवस देऊनही न हटणारे. टर्बिनाफिन ज्या विकरावर काम करते, त्या स्क्वालीन एपॉक्सिडेजच्या साखळीत एका अमिनो आम्लाची अदलाबदल झाली की औषधाची पकड सुटते. ३९७ व्या जागी फेनिलअॅलॅनिनऐवजी ल्युसिन आलेले प्रकार भारतभर सापडले. २०२० मध्ये जपानच्या रुई कानो आणि सहकाऱ्यांनी या बुरशीला स्वतंत्र जात मानून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधले पहिले दोन रुग्ण नोंदवले. युरोपातल्या बऱ्याच देशांत ती पोचली आहे. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांचा सर्रास वापर आणि अर्धवट सोडलेले उपचार यांनी तिला रान मोकळे करून दिले, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात आणि मला ते पूर्ण पटते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. कायदा झाला, ट्यूब अजून हातोहात मिळते.

द्राक्षाच्या बाबतीत आपण हा धडा आधीच घेतलेला आहे. तिथे औषध निष्प्रभ झाले की बागायतदार विचारतो की रोग कोणता, गट कोणता, किती वेळा मारले. स्वतःच्या कातडीबद्दल हेच तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी नाशिक गाठावे लागू नये.

उत्तर द्यायला लागते ते फार थोडे. स्पिरिटच्या बोळ्याने चट्टा पुसून वाळू द्यायचा, म्हणजे मलम आणि वरवरचे जिवाणू निघतात. मग बोथट स्कालपेलने कडेवरचा कोंडा खरवडून काळ्या कागदावर घ्यायचा. काळा कागद अशासाठी की पांढरा कोंडा त्यावर दिसतो. आणि कागदच, बाटली नव्हे, कारण बंद ओलाव्यात जिवाणू माजतात. घडी घातलेल्या कोरड्या कागदात ही बुरशी कित्येक आठवडे जिवंत राहते, साध्या टपालाने पाठवली तरी. केस कापायचा नाही, चिमट्याने मुळासकट उपटायचा, आणि तोही निस्तेज, तुटका निवडून. नखाचे टोक निरुपयोगी. जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन नखाखालचा भुसा घ्यायचा.

मग स्लाइड. कोंड्याचे दोन-चार कण, त्यावर दहा ते वीस टक्क्यांच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, कव्हरस्लिप, आणि हलकी ऊब. उकळी नाही, उकळले की स्फटिक होतात. नखाला जास्त तीव्र द्रावण आणि रात्रभर वेळ. कातडीच्या पेशी फुगून पारदर्शक होतात आणि बुरशीच्या भिंतीला काही होत नाही. आता सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घ्यायचा, प्रकाश कमी करायचा. भगभगीत उजेडात तंतू दिसतच नाहीत, आणि नवशिक्याची पहिली चूक हीच असते. डोळा सरावला की पेशींच्या सीमा न जुमानता त्यांच्या आरपार जाणारी एक बारीक, किंचित हिरवट चमकणारी रेघ दिसते. ती सगळीकडे सारख्याच जाडीची असते, तिला आडवे पडदे असतात, फांदी फुटते, जुन्या भागात ती तुटून चौकोनी बीजाणूंची माळ होते. पेशींच्या कडांनीच वळणे घेत जाणारी रेघ दिसली तर ती बुरशी नाही. तो चरबीच्या कणांनी केलेला आभास आहे, आणि त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. कापसाचा धागाही फसवतो : तो जाड असतो, चपटा असतो आणि टोकाला विस्कटलेला असतो. स्टेरॉइड लावून कड पुसट झालेल्या चट्ट्यात, डोळ्यांना काहीच खात्री वाटत नसताना, स्लाइडवर मात्र तंतूंचे जाळे खच्चून भरलेले सापडते. अर्ध्या तासात, दोन रुपयांच्या रसायनात, पुढचे कित्येक महिने वाचतात.

ही स्लाइड बुरशी आहे एवढे सांगते. नाव सांगत नाही. नावासाठी वाढवावी लागते. साबुरो अगारमध्ये जिवाणूंसाठी क्लोरॅम्फेनिकॉल आणि हवेतल्या बुरशींसाठी सायक्लोहेक्झिमाइड घालून चार आठवडे थांबायचे. कांद्याच्या हंगामात या भागात हे दुसरे औषध फार मोलाचे ठरते, कारण चाळीतल्या कांद्यावरच्या काळ्या बुरशीचे, अॅस्परजिलस नायजरचे, बीजाणू हवेत इतके असतात की उघडी प्लेट बघता बघता काळी होते. पण नखाच्या काही रोगकारक बुरशीही सायक्लोहेक्झिमाइडने मरतात, म्हणून नखासाठी दुसरी नळी त्याच्याशिवाय लावायचीच. तापमान २५ ते ३० अंश हवे. निफाडला हिवाळ्यात पारा महाबळेश्वरच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात चाळिशीला टेकतो, तेव्हा पाठ्यपुस्तकातले 'खोलीचे तापमान' इथे चालत नाही. लहानसा का होईना, इनक्युबेटर घ्यावा.

वाढ आल्यावर तिचा वरचा पोत, मागचा रंग आणि वेळ यांची नोंद करायची, आणि चिकटपट्टीने थोडी उचलून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये पाहायची. पांढरी कापशी वाढ, मागे गडद लाल, तंतूंच्या दोन्ही अंगांना थेंबाच्या आकाराचे लहान बीजाणू : रुब्रम. मळकट साईसारखी पिठूळ वाढ, गुंडाळलेले स्प्रिंगसारखे तंतू, आणि गोल बीजाणू द्राक्षाच्या घडासारखे लगडलेले : मेंटाग्रोफायटिस समूह. निफाडच्या विद्यार्थ्याला हा घड एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही. युरियावर लावली की मेंटाग्रोफायटिस आठवड्याभरात माध्यम गुलाबी करते, रुब्रम बहुधा करत नाही. खाकी-हिरवट, गदेसारखे बीजाणू असलेली एपिडर्मोफायटॉन फ्लोकोसम लवकर पांढरी पडून ओळख हरवते, म्हणून तिला वेळेत पाहावे लागते.

पुस्तक याच क्रमाने चालते : रुग्णाला विचारायचे प्रश्न, नमुना, स्लाइड, वाढ, चाचण्या, अहवाल. ते डीएमएलटीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तालुक्याच्या लॅबमधल्या तंत्रज्ञांसाठी आहे, आणि चिठ्ठी लिहिण्याआधी अर्धा तास थांबायला तयार असलेल्या डॉक्टरांसाठी आहे. औषधांच्या मात्रा यात मुद्दाम दिलेल्या नाहीत. तो त्वचारोगतज्ज्ञांचा प्रांत आहे आणि तिथले सल्ले वेगाने बदलत आहेत. चांगल्या वाढीच्या चित्रांइतकीच जागा फसलेल्या स्लाइडींना, दूषित प्लेटींना आणि जुन्या होऊन रूप बदललेल्या वाढींना दिली आहे, कारण रोजच्या कामात तीच जास्त भेटतात. स्लाइडवर बुरशी आणि वाढ शून्य, असे वारंवार होते. अशा वेळी अहवाल कसा लिहायचा यावर वेगळे प्रकरण आहे.

मर्यादाही इथेच सांगतो. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी सूक्ष्मदर्शकाने वेगळी ओळखता येत नाही. ती आपल्या मेंटाग्रोफायटिस बहिणींसारखीच दिसते. तिचे नाव डीएनए वाचल्यावरच ठरते आणि औषधाला दाद देते का, हे प्रमाणित चाचणीनेच कळते. म्हणून तालुक्याच्या अहवालात 'ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस समूह' एवढेच लिहावे आणि उपचार फसत असतील तर वाढलेली बुरशी वैद्यकीय महाविद्यालयाकडे, तिथून चंदीगडच्या पीजीआयमधल्या राष्ट्रीय रोगकारक बुरशी संग्रहाकडे जावी. त्यासाठी अहवाल दिल्यावर नळी धुऊन टाकायची नाही. १९३९ मध्ये कास्तेल्लानीने दाखवलेली रीत सर्वांना जमण्याजोगी आहे : निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या बाटलीत वाढीचे दोन-तीन तुकडे टाकायचे, घट्ट बूच लावायचे, तारीख आणि नमुना क्रमांक लिहायचा आणि सावलीत ठेवायची. फ्रिज लागत नाही, वीज गेली तरी बिघडत नाही, आणि कित्येक वर्षांनी त्यातला थेंब अगारवर ठेवला तर बुरशी पुन्हा वाढते. तीन महिन्यांनी रुग्ण तोच चट्टा घेऊन परत आला, तर पहिल्या वेळची बुरशी तुलनेसाठी हाताशी असेल.

विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक